गळू तर गेलं, मग आता या गोळ्या कशाला?

सातारा जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत, टेम्पो चालवतात. दिवाळीनंतर त्यांना ताप यायला लागला. उजव्या बरगडीखाली दुखायचं, उजवा खांदाही दुखायचा. आधी टायफॉईड म्हणून औषधं झाली. मग सोनोग्राफीत लिव्हरमध्ये मोठं गळू निघालं. सुई घालून पू काढला. डॉक्टर म्हणाले, अमिबाचं आहे. पण त्यांना जुलाब झालेच नव्हते. मी मोबाईलवर वाचलं की हा अमिबा माणसाच्या पेशी जिवंतपणी खातो. तेव्हापासून मला झोप नाही. तो अजून आत खात असेल का? घरी सोडताना डॉक्टरांनी दहा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या दिल्यात. हे म्हणतात, गळू गेलं, तोंडाची चव गेली, आता एकही गोळी नको. सासूबाई कुड्याची साल उकळून देतात. जाऊबाई चार माणसांत म्हणाल्या, घरचं पाणी-अन्न नीट नसेल. दारूला हे शिवत नाहीत. माझं काही चुकलं का? मुलांना होईल का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही मोबाईलवर वाचलंत ते खरं आहे. मी तुम्हाला "तसं काही नसतं हो" म्हणून गप्प बसवणार नाही, कारण ते नीट समजलं तरच तुमच्या मिस्टरांच्या त्या दहा दिवसांच्या गोळ्यांचा अर्थ लागतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आणि दवाखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासण्यात आयुष्य घालवलं. हा अमिबा, हा एकपेशी जीव, मी शेकडो वेळा पाहिला आहे.

आव पडणाऱ्या रुग्णाचा शौचाचा नमुना ताजा आणि कोमट असतानाच बघावा लागतो. थंडीच्या दिवसांत मी काचपट्टी तळहातावर धरून ऊब द्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे. आधी नुसताच गाळ दिसतो. नजर स्थिरावली की त्यातला एक ठिपका हलतो. त्याच्या एका बाजूने काचेसारखा स्वच्छ फुगवटा झपकन पुढे येतो आणि मागचं दाणेदार अंग त्यात ओतलं जातं. मग पुढचा फुगवटा. आणि त्याच्या पोटात फिकट हिरवट-पिवळसर चकत्या दिसतात, कधी दोन, कधी सात-आठ. त्या रुग्णाच्या रक्तातल्या लाल पेशी असतात. पोटात लाल पेशी घेऊन फिरणारा अमिबा दिसला की आमच्या लॅबमध्ये कुणाला दुसरं मत विचारावं लागत नसे.

याचं पूर्ण नाव एन्टामिबा हिस्टोलिटिका. १८७५ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला लोश नावाच्या डॉक्टरांनी आवेने आजारी असलेल्या एका शेतकरी तरुणाच्या शौचात तो पहिल्यांदा पाहून नोंदवला. १९०३ साली शाउडिन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं. हिस्टोलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा. त्या नावामुळे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र बसलं होतं: अमिबा पेशीला चिकटतो, तिच्यावर काहीतरी विषारी सोडून तिला मारतो आणि मेलेली पेशी अख्खी गिळतो. आधी मारणं, मग खाणं. मी स्वतः वर्षानुवर्षं मुलांना याच क्रमाने शिकवलं.

२०१४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात कॅथरीन राल्स्टन, विल्यम पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा क्रम उलटा असल्याचं दाखवलं. त्यांनी माणसाच्या जिवंत पेशींना चमकणारे रंग दिले, त्या अमिबाच्या सोबतीला ठेवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. काही मिनिटांतच अमिबाच्या पोटात त्या रंगाचे बारके बारके तुकडे दिसायला लागले. पेशी मात्र बाहेर अजून जिवंत होती. म्हणजे अमिबा तिचे लचके तोडत होता. एक लचका, दुसरा, तिसरा. तोडता तोडता त्या पेशीतलं कॅल्शियम वाढत जातं आणि शेवटी ती मरते. आणि ती मेली की अमिबा तिला सोडून देतो, शेजारच्या जिवंत पेशीकडे वळतो. आधीच मेलेल्या पेशी त्याच्यापुढे टाकल्या तर त्या मात्र तो अख्ख्या गिळतो. या लचके तोडण्याला शास्त्रज्ञ ट्रोगोसायटोसिस म्हणतात. त्यातला 'ट्रोगो' हा ग्रीक शब्द आहे आणि त्याला मराठीत अगदी बरोबर बसणारा शब्द आपल्या प्रत्येक घरात आहे: कुरतडणं. उंदीर धान्याच्या पोत्याचं जे करतो ते.

पेशीला धरून ठेवायला त्याच्या अंगावर एक खास प्रथिन असतं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची झालर असते, त्यातल्या गॅलॅक्टोजच्या जातीच्या साखरेला ते प्रथिन घट्ट पकडतं. ही पकड बसली नाही तर पुढचं कुरतडणंही होत नाही. शिवाय त्याच्याकडे पाचक रस आहेत, आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर ते फोडतात. तेव्हा शाउडिनने दिलेलं नाव अगदीच चुकीचं ठरलं असं मी म्हणणार नाही, विरघळवणंही चालूच असतं. पण उंदरांच्या आतड्याचे तुकडे घेऊन केलेल्या प्रयोगात कुरतडणं बंद पाडलं, तेव्हा अमिबाला आतड्यात घुसणं जमेना. त्याचं खरं हत्यार हे आहे.

पुढे याच कामातून आणखी एक गोष्ट निघाली. आपल्या रक्तात काही प्रथिनं पहारा देत फिरत असतात, परक्या जिवाला भोकं पाडून मारणं हे त्यांचं काम. आपल्याच पेशींना त्यांनी मारू नये म्हणून आपल्या पेशींच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. अमिबा आपल्या पेशी कुरतडतो तेव्हा त्या खुणाही त्याच्याकडे जातात आणि तो त्या स्वतःच्या अंगावर मिरवतो. घरच्या माणसाची शाल पांघरून चोर दारातून आत यावा तसा तो रक्तातून निभावून जातो. आतड्यातून यकृतापर्यंतचा प्रवास त्याला रक्तातूनच करावा लागतो, म्हणून मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो.

आता तुमच्या मिस्टरांच्या गळवाकडे येऊ. सुईने काढलेला पू तुम्ही पाहिला असेल तर तो पांढरा-पिवळा नसणार. तपकिरी, विटकरी झाक असलेला, चिंचेच्या दाट कोळासारखा असणार. इंग्रजी पुस्तकं त्याला एका माशाच्या सॉसची उपमा देतात. आमच्या विद्यार्थ्यांनी तो सॉस कधी पाहिलेला नसायचा, चिंचेचा कोळ म्हटलं की लगेच कळायचं. तो खरा पू नव्हेच. तो मेलेल्या यकृताचा लगदा आहे. आणि त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन मी कितीदा तरी तास तास शोधलं आहे, अमिबा बहुतेक वेळा सापडत नाही. कारण तो मेलेल्या भागात रेंगाळत नाही. त्याला जिवंत पेशी हव्या असतात, आणि त्या असतात गळवाच्या भिंतीत. तिथे काठाकाठाने तो कुरतडत बाहेर सरकतो आणि मागे हा कोळ राहतो.

म्हणून भाऊंनी हे नीट ऐकावं. सुईने पू काढला म्हणजे अमिबा काढला असं होत नाही. पू काढल्याने ताण कमी झाला, दुखणं कमी झालं, गळू फुटण्याचा धोका कमी झाला. अमिबाला मारलं ते दवाखान्यात दिलेल्या मेट्रोनिडाझोलने, किंवा त्याच घराण्यातल्या टिनिडाझोलने. लहान गळू असेल तर पुष्कळदा सुई न घालता नुसत्या औषधानेच बरं होतं. हे औषध मोठं युक्तीचं आहे. अमिबा ऑक्सिजनशिवाय जगणारा जीव आहे, आणि त्या जगण्यासाठी त्याच्या अंगात जी रासायनिक व्यवस्था असते तीच या औषधाला पेटवते. आपल्या पेशींत ती व्यवस्था नाही, म्हणून तिथे ते शांत राहतं. तोंडाची चव जाते, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटतं, लघवी गडद होते, हे सगळं त्या औषधाचंच. औषध थांबलं की जातं. हातापायांना मुंग्या आल्या असतील तर मात्र डॉक्टरांना सांगा.

"तो अजून आत खात असेल का," असं तुम्ही विचारलंत. ताप कधी उतरला ते आठवा. औषध सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत ताप उतरला, भूक परतली, तर यकृतातलं कुरतडणं तेव्हाच थांबलं. पुढच्या सोनोग्राफीत पोकळी दिसली तर घाबरून जाऊ नका. ती भरून यायला काही महिने लागतात, कधी सहा महिन्यांहून जास्त. ती पोकळी म्हणजे जुन्या जखमेची जागा आहे.

मग ही दहा दिवसांची दुसरी गोळी कशासाठी?

कारण अमिबाचं मूळ घर यकृत नाही, मोठं आतडं आहे. तो पोटात येतो तो सिस्टच्या रूपात, म्हणजे टणक कवच घालून. कवच इतकं चिवट की जठरातल्या आम्लाला दाद देत नाही. लहान आतड्यात ते कवच उघडतं, एका सिस्टमधून आठ अमिबा तयार होतात आणि मोठ्या आतड्यात जाऊन राहतात. तिथे ते बहुतेक वेळा काहीच करत नाहीत. जीवाणू आणि अन्नाचे कण खाऊन जगतात. ज्यांच्या पोटात हा अमिबा असतो त्यांतल्या दहापैकी साधारण नऊ जणांना काहीही त्रास होत नाही. उरलेल्यांच्या आतड्याच्या भिंतीत तो घुसतो, आणि रक्तवाहिनीत शिरला तर आतड्याचं रक्त यकृताकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेतून वर पोचतो. यकृताच्या उजव्या भागात हे रक्त जास्त जातं, म्हणून गळूही बहुधा उजवीकडेच. खांदा दुखतो तो यकृताच्या वरचा पडदा चेतवला गेल्यामुळे, खांद्याला काही झालेलं नसतं.

आता मेट्रोनिडाझोल पोटात गेलं की लहान आतड्यातूनच जवळजवळ सगळं रक्तात शोषलं जातं. यकृतासाठी हे उत्तम आहे. पण मोठ्या आतड्याच्या पोकळीत जे अमिबा निवांत बसलेत त्यांच्यापर्यंत ते पुरेसं पोचत नाही. नुसत्या मेट्रोनिडाझोलवर सोडलेल्या बऱ्याच रुग्णांच्या आतड्यात अमिबा तसाच राहतो. तिथलं काम करायला वेगळं औषध लागतं, पोकळीत काम करणारं. आपल्याकडे बहुधा डायलोक्सानाईड फ्युरोएट देतात, तेच दहा दिवसांचं असतं. काही ठिकाणी पॅरोमोमायसिन देतात. भाऊंच्या चिठ्ठीवर यातलं कुठलं आहे ते बघा.

एक प्रसंग सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एका रुग्णाचा नमुना आला. चाळिशीचा माणूस, यकृतातलं गळू. फाईल चाळली तर काही महिन्यांपूर्वीही हेच झालेलं. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी पू काढला, मेट्रोनिडाझोल दिलं, घरी पाठवलं. आतड्यासाठीची गोळी चिठ्ठीवर कुणी लिहिलीच नव्हती. त्याची बायको बाकावर बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा. ती मला विचारत होती, "बाई, परत कुठून आलं हो?" परत कुठून आलं नव्हतं, ते गेलंच नव्हतं. तो माणूस बरा झाला, पण दोनदा सुई, दोनदा मजुरी बुडालेली. भाऊंच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, त्यांनी त्यांचं काम चोख केलं आहे. आता ती पोटात जाऊ द्या.

आता जाऊबाईंचं बोलणं. यात तुमचा काय दोष? भाऊ टेम्पो चालवतात, दहा गावांचं पाणी पितात. सिस्ट पोटात गेल्यापासून गळू होईपर्यंत आठवडे जाऊ शकतात, महिने जाऊ शकतात, कधी वर्षंही. आतड्यात तो किती दिवस गपचूप बसला होता हे कुणीही सांगू शकणार नाही. जुलाब झाले नाहीत यातही नवल नाही, यकृताचं गळू झालेल्या निम्म्याहून अधिक लोकांना त्या वेळी जुलाब नसतात. म्हणूनच आधी टायफॉईड वाटला असणार. आणि हा आजार काही गरिबाघरच्या अस्वच्छतेचा नाही. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा तिथल्या मोठ्या हॉटेलांच्या नळांत सांडपाणी मिसळलं. सुमारे चौदाशे लोकांना आव झाली आणि ९८ माणसं गेली. त्यातल्या कितीतरी जणांचं निदान उशिरा झालं, कारण इतक्या भारी हॉटेलात राहून असं काही होईल हे डॉक्टरांच्याच मनात आलं नाही. जाऊबाईंना हे जरूर सांगा. दारूचंही तेच. दारू पिणाऱ्यांत हे गळू जास्त दिसतं, पण न पिणाऱ्यालाही होतं. पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतं, विशेषतः वीस ते पन्नासच्या दरम्यान. भाऊंवर कुणी संशय घेऊ नये.

सासूबाईंचा कुडा. आवेवर कुड्याची साल देणं ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे आणि ती पोकळ नाही. त्या सालीत कोनेसीन नावाचं द्रव्य असतं, ते अमिबावर एकेकाळी औषध म्हणून वापरलंही गेलं आहे. ओकारी व्हावी म्हणून पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका मुळीतल्या एमेटीनचंही असंच झालं. कलकत्त्याला १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीनची इंजेक्शनं आवेवर सुरू केली आणि कितीतरी जीव वाचले, पण हृदयाला ते सोसेना म्हणून चांगलं औषध मिळाल्यावर ते मागे पडलं. सासूबाईंच्या हाताला यश येवो, पण घरी उकळलेल्या काढ्यात त्या द्रव्याचं प्रमाण किती हे कुणाला सांगता येत नाही. या दहा दिवसांत काढा थांबवा आणि डॉक्टरांना विचारून मगच काय ते करा. सासूबाईंना दुखवू नका. त्यांच्या काळात त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मुलांचं बोलू. यकृताचं गळू मुलांना क्वचित होतं, पण आव होऊ शकते. एका घरात एकाच ताटवाटीत असल्यामुळे तुम्ही, मुलं आणि सासूबाई, सगळ्यांनी एकदा शौच तपासून घ्या. इथे एक मेख आहे. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली हिस्टोलिटिकाच्या सिस्टसारखाच हुबेहूब दिसणारा दुसरा एक निरुपद्रवी अमिबा आहे, एन्टामिबा डिस्पार. त्याच्यावर औषधाची गरज नसते. या दोघांत फरक करायला अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी लागते. जवळ सोय नसेल तर डॉक्टरांना विचारा नमुना कुठे पाठवता येईल. घरात कुणाच्या पोटात हिस्टोलिटिकाच निघाला तर त्रास नसला तरी ती पोकळीतली गोळी त्यांनाही द्यावी लागेल. नुसत्या रिपोर्टवर "सिस्ट" असा शब्द दिसला म्हणून दुकानातून गोळ्या आणून मुलांना देऊ नका.

पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकता का? टाकत असाल तर टाका, जीवाणूंसाठी ते चांगले आहेत. पण अमिबाच्या कवचाला नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने विशेष काही होत नाही. पाणी खळखळून उकळलं की सिस्ट मरतात. भाऊंना टेम्पोत उकळलेल्या पाण्याची बाटली द्या. बाहेरचा कांदा-काकडी, उघड्यावरची चटणी, बर्फाचा सरबत गोळा त्यांना सोडायला लावा, निदान काही महिने. घरात संडासातून आल्यावर आणि कणीक मळायच्या आधी साबणाने हात, आणि मुलांची नखं दर रविवारी. नखांखालची माती तुम्हाला दिसते, सिस्ट दिसत नाही.

भाऊंना पुन्हा ताप आला, बरगडीखाली दुखायला लागलं, दम लागला, खोकताना तो चिंचेच्या कोळासारखा बेडका पडला किंवा पोटात एकदम जोराची कळ आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि कुणी त्यांच्या पोटदुखीवर परस्पर स्टेरॉईड द्यायला निघालं तर आधी हे गळवाचे कागद पुढे करा. अमिबा अंगात असताना स्टेरॉईड दिलं की आजार भडकतो.

आज एवढं करा. फाईलमधून घरी सोडतानाची चिठ्ठी काढा आणि दहा दिवसांच्या गोळीचं नाव वाचा. पाकिटातल्या किती गोळ्या संपल्या ते मोजा. मधे किती दिवस चुकले ते डॉक्टरांना फोन करून जसंच्या तसं सांगा, ते रागावतील या भीतीने लपवू नका. राहिलेल्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या की पहिल्यापासून मोजायच्या ते तेच सांगतील. आणि हे पत्र भाऊंच्या हातात द्या. गळवाच्या भिंतीबद्दल लिहिलं आहे तिथपासून त्यांनी स्वतः वाचावं.